पिल्लाच्या रंगावरून नर-मादी ओळखायची, तर जोडी कशी लावायची

शंभर पिल्लं काढली तर त्यात साधारण निम्मे कोंबडे निघणार. अडचण अशी की गावरान पिल्लांत तुरा आणि चाल पाहून नर-मादी नक्की सांगायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर दोघांवर सारखंच खाद्य खर्च होतं. ज्याला अंड्यांसाठी तलंगा (तरुण माद्या) हव्या आहेत तो नकोसे नर पोसत बसतो आणि ज्याला आखाडीच्या बाजारासाठी कोंबडे हवेत त्याच्याकडे तलंगांची गर्दी होते. अंड्यातून बाहेर आल्याच्या दिवशीच ही निवड करता येते. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही की पार्श्वद्वार दाबून पाहणारा प्रशिक्षित माणूसही लागत नाही. मात्र आई-बाप विचारपूर्वक निवडावे लागतात, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच.

आधी कारण, मग कृती

माणसात मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत ते आईकडून ठरतं. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं असतात. कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडी आपलं झेड फक्त मुलाला देते, मुलीला डब्ल्यू देते. पिसांच्या काही रंगांची जनुकं झेडवर बसलेली असतात आणि डब्ल्यूवर त्यांना जागा नसते. म्हणून या रंगांच्या बाबतीत मुलीला आईकडून काहीच मिळत नाही, जे मिळतं ते सगळं बापाकडून. मुलाला मात्र दोघांकडून एकेक प्रत मिळते.

आता आईकडे प्रभावी जनुक असेल आणि बापाकडे त्याच जागी दबणारं जनुक असेल, तर मुलात आईचं जनुक उठून दिसतं आणि मुलीत बापाचं. एवढं वाक्य खुराड्याच्या दारावर लिहून ठेवा: आईचा रंग लेकाला, बापाचा रंग लेकीला. जोडी उलटी लावली, म्हणजे प्रभावी जनुक कोंबड्याकडे आणि दबणारं कोंबडीकडे गेलं, तर लेक-लेकी दोघांवर एकच रंग येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. पट्टेदार पिसांचा हा तिरपा वारसा अमेरिकेत विल्यम स्पिलमन यांनी १९०८ मध्ये मांडला. तेव्हापासून हे तत्त्व बदललेलं नाही.

सगळ्यात भरवशाची जोडी: पट्टेदार कोंबडी, बिनपट्ट्याचा कोंबडा

पिसावर आडवे काळे-पांढरे पट्टे आणणारं जनुक झेडवर असतं आणि ते प्रभावी असतं. बार्ड प्लायमाऊथ रॉक जातीत ते पक्कं बसलेलं आहे. या जातीची मादी घ्या आणि तिच्यावर ऱ्होड आयलंड रेड, ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प किंवा गडद रंगाचा बिनपट्ट्याचा कोंबडा सोडा. निघणारी सगळी पिल्लं काळ्या लवेची असतील. मुलांच्या डोक्यावर पांढरट-पिवळसर ठिपका असेल, मुलींचं डोकं वरून काळंच असेल. मोठेपणी मुलं पट्टेदार होतात. मुली काळ्या राहतात आणि बाप लाल असेल तर त्यांच्या मानेवर-छातीवर तांबूस झाक येते.

कोंबडीची निवड करताना एक गोष्ट सोडू नका: पट्ट्यांखालची जमीन, म्हणजे पिसांचा मूळ रंग, काळी हवी. गावरान कळपात तांबूस अंगावर अस्पष्ट पट्टे असलेली कबरी कोंबडी सापडते. तिच्यात पट्ट्याचं जनुक खरोखर असू शकतं, पण तिची पिल्लं तपकिरी लवेची निघाली तर डोक्यावरचा ठिपका त्या लवेत हरवतो. बार्ड रॉकची काळी जमीन मात्र प्रभावी आहे. बाप लाल असला तरी पिल्लं काळी येतात, आणि काळ्यावर पांढरा ठिपका कुणालाही दिसतो. शुद्ध बार्ड रॉक माद्या मिळवणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड पाऊल आहे. स्वस्तात मिळतात म्हणून संकरित कबऱ्या माद्या घेऊ नका. नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय किंवा आपल्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे शुद्ध जात कुठे मिळेल याची चौकशी करा, आणि माद्या घेताना त्यांचे आई-बाप डोळ्यांनी पाहूनच घ्या.

कोंबडा पारखायला त्याहून सोपा आहे, पण तिथेच घाई होते. काळ्या किंवा गडद लाल कोंबड्यात पट्टा दिसत नसेल तर त्याच्यात पट्ट्याचं जनुक नाही असं धरून चालतं, कारण प्रभावी जनुक गडद पिसांत लपत नाही. पांढऱ्या कोंबड्याची गोष्ट वेगळी. पांढरेपणा बाकी सगळं झाकून टाकतो, त्यामुळे त्याच्या खाली पट्टा आहे की नाही हे वरून कळायला मार्ग नाही. पांढरा, फिकट पिवळा किंवा अंगावर जागोजागी पांढरी पिसं असलेला कोंबडा या कामासाठी घेऊ नका. डोक्यावर पिसांची शेंडी असलेलाही नको. शेंडीचं जनुक पिल्लात उतरलं की ठिपका नीट वाचता येत नाही.

कडकनाथ कोंबडा घातला तर

विदर्भात हा प्रश्न हमखास येतो. झाबुआचा कडकनाथ शेजारच्या मध्य प्रदेशातला, त्यामुळे आपल्याकडे त्याचे कोंबडे सहज मिळतात. पूर्ण काळा, बिनपट्ट्याचा कडकनाथ कोंबडा बार्ड रॉक मादीवर वरच्या नियमाप्रमाणे चालतो: ठिपकेवाली मुलं, काळ्या मुली. शिवाय इथे दुसरी एक खूण मिळते. कडकनाथचं काळं मांस आणि काळी कातडी आणणारं जनुक झेडवर नाही. पण त्या काळेपणाला आवरणारं एक जनुक झेडवर असतं आणि ते बार्ड रॉक मादीकडे असतं. ती ते फक्त मुलाला देते. म्हणून मुलांची कातडी आणि पाय फिके राहतात, मुलींची गडद होतात. ठिपका शंकास्पद वाटला तर पाय आणि चोच पाहून निर्णय पक्का करता येतो.

याचा बाजारातला अर्थ नीट समजून घ्या. या जोडीतले कोंबडे पट्टेदार आणि फिक्या कातडीचे असतात. तलंगा काळ्या दिसल्या तरी त्या कडकनाथ नव्हेत, संकरित आहेत. गिऱ्हाइकाला तसंच सांगून विका. काळं पाहून कडकनाथचा भाव लावला की पुढच्या खेपेला खऱ्या कडकनाथवाल्याचंही कुणी ऐकत नाही.

लाल-पांढऱ्याची जोडी

दुसरी जोडी सोनेरी आणि रुपेरी रंगाची. रुपेरी प्रभावी, सोनेरी दबणारं, दोन्ही झेडवर. रुपेरी कोंबडी, उदाहरणार्थ अंग पांढरं आणि मान-शेपूट काळी असलेली लाइट ससेक्स, आणि तिच्यावर ऱ्होड आयलंड रेड कोंबडा. मुलं फिकट पिवळसर, मुली तांबूस. तपकिरी अंडी देणाऱ्या व्यापारी लेयर जातींत नर पांढरे आणि माद्या लाल दिसतात ते याच तत्त्वावर.

घरगुती पातळीवर ही जोडी पहिलीपेक्षा कच्ची आहे. पिल्लाच्या पाठीवर रेघा असतील तर पिवळसर आणि तांबूस यांतला फरक पुसट होतो, आणि कोंबडा पूर्ण सोनेरी नसेल तर अंदाज फसतो. कोंबडा तपासताना खांद्यावरचा लाल रंग पाहू नका, तो रुपेरी कोंबड्यातही येतो. मानेची आणि पाठीवरची लांब पिसं पाहा. ती खोल तांबूस-सोनेरी हवीत. वाळल्या गवतासारखी फिकट असतील तर त्याच्यात रुपेरीची एक प्रत आहे, त्याला बाजूला काढा.

काय चालत नाही, आणि का

आपल्या भागात सगळ्यात जास्त फसगत होते ती ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प यांच्या जोडीत. दोन्ही जाती हाताशी असतात म्हणून लोक जोडी लावतात आणि रंग वेगळा येईल अशी वाट पाहतात. दोघांतही पट्टा नाही, आणि ऑस्ट्रेलॉर्पचा काळा रंग सोनेरी-रुपेरीचा फरक झाकतो. पिल्लं सगळी काळी, नर-मादी सारखी.

व्हाइट लेगहॉर्न मादी रुपेरी समजून वापरू नका. तिचा पांढरा रंग प्रभावी पांढरा आहे, तो मुलगे-मुली दोघांत जातो आणि सगळी पिल्लं पिवळी निघतात. वनराजा, गिरिराज, ग्रामप्रिया या संकरित जाती आहेत. त्यांच्या पोटात काय मिसळलेलं आहे ते रंगावरून सांगता येत नाही, म्हणून पालक म्हणून त्या नकोत. आणि अंड्याच्या कवचाचा रंग किंवा अंड्याचा आकार पाहून आतलं पिल्लू नर की मादी सांगणारे खूप भेटतील. त्याला काही आधार नाही.

कामाला सुरुवात: तारखा आणि मापं

विदर्भात हे काम हिवाळ्यातच करायचं. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कोंबड्याची फळवण्याची ताकद घटते, आणि साठवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढून मरतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत अंडी उबायला ठेवली तर नर आखाडीपर्यंत चार ते सहा महिन्यांचे होतात आणि तलंगा पहिली अंडी कडक ऊन सरल्यावर द्यायला लागतात.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला २० पट्टेदार माद्या वेगळ्या करा. वय सात महिन्यांच्या पुढचं हवं. त्यांच्याबरोबर दोन कोंबडे सोडा, म्हणजे दहा माद्यांमागे एक, आणि एक कोंबडा वेगळा राखून ठेवा. तिन्ही एकाच जातीचे असू द्या. जागा चारही बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद हवी. पऱ्हाटीचा किंवा तुराट्यांचा कूड उभा केला तर मुंगूस थोडा वेळ अडतो, शेजारचा कोंबडा मात्र वरून उडी मारून आत येतो. तो एकदा आला की तुमची सगळी अंडी संशयाची.

आधीच्या कोंबड्याचं बीज मादीच्या पोटात दोन ते तीन आठवडे टिकतं. नवे कोंबडे सोडल्यापासून पूर्ण २१ दिवस अंडी खायला किंवा विकायला वापरा, उबायला ठेवू नका. या तीन आठवड्यांचा धीर न धरल्याने जितक्या खेपा बिघडतात तितक्या दुसऱ्या कशानेच बिघडत नाहीत.

खाद्यात सरकीची ढेप घालू नका. कापसाच्या पट्ट्यात ती घरोघरी असते, जनावरांना चालतेही. पण तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो आणि उबवण घटते. ज्वारी, मका, तांदळाची कणी यांबरोबर सोयाबीनची ढेप द्या, आणि शिंपल्यांची चुरी वेगळ्या भांड्यात कायम ठेवा.

अंडी दिवसातून तीनदा गोळा करा. ५० ग्रॅमच्या वरची, स्वच्छ, तडा नसलेली निवडा. ओल्या फडक्याने पुसू नका. प्रत्येकावर शिसपेन्सिलीने तारीख आणि गटाची खूण लिहा. निमुळतं टोक खाली ठेवून १५ ते १८ अंशांत साठवा, सात दिवसांपेक्षा जास्त नाही. शीतपेटी नसेल तर सावलीत ओल्या वाळूच्या थरावर माठ ठेवून त्यात कोरड्या भुशावर अंडी ठेवता येतात. वाळू रोज भिजवा, अंडी कोरडी राहू द्या.

पंख्याच्या उबवणी यंत्रात ३७.५ अंश तापमान लागतं. अंडी १८ व्या दिवसापर्यंत रोज फिरवायची आणि मग शेवटचे तीन दिवस आर्द्रता वाढवून हात लावायचा नाही. एकाच यंत्रात दोन गटांची अंडी असतील तर १८ व्या दिवशी प्रत्येक गट वेगळ्या जाळीच्या खणात टाका. बाहेर आलेलं पिल्लू कुठल्या अंड्यातलं हे नंतर कुणीच सांगू शकत नाही.

खुडूक कोंबडीखाली उबवणार असाल तर तिच्या आकाराप्रमाणे १० ते १२ अंडी ठेवा. धोका असा की दुसऱ्या कोंबड्या त्याच डालग्यात येऊन अंडी घालतात. ती रोज उठते तेव्हा पाहा आणि पेन्सिलीची खूण नसलेलं प्रत्येक अंडं काढून घ्या.

पिल्लं वेगळी करताना

पिल्लं पूर्ण सुकू द्या, मग २४ तासांच्या आत निवड करा. ओल्या लवेत ठिपका चिकटून बसतो. निवड दिवसाच्या उजेडात, सावलीत करा. पिवळ्या बल्बखाली फिकट पिवळं पिल्लूही तांबूस भासतं, त्यामुळे लाल-पांढऱ्याच्या जोडीत तर बल्ब कटाक्षाने टाळा.

तीन खोके घ्या: ठिपका, बिनठिपका, शंका. पिल्लू डाव्या हातात घेऊन डोक्याच्या अगदी माथ्यावर पाहा. या जोडीतल्या नरात पट्ट्याची एकच प्रत असते, म्हणून ठिपका मोठा असेलच असं नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा असतो, कधी हरभऱ्याएवढा, कडा वेड्यावाकड्या. पोटाची, गळ्याची आणि पंखाच्या टोकाची पांढरी लव मोजू नका. ती काळ्या जातींच्या मुलींतही असते. ऑस्ट्रेलॉर्प बाप असेल तर चेहऱ्यापाशीही पांढरं येतं, त्यामुळे माथा सोडून दुसरीकडे पाहिलं की चूक ठरलेली.

शंकेच्या खोक्यातल्या पिल्लांवर जबरदस्तीने निर्णय करू नका. तीन-चार आठवड्यांनी पंखाची पिसं येतात. पट्टे दिसले तर नर, सपाट काळं असेल तर मादी. पायात रंगीत प्लॅस्टिकची कडी घातली असेल तर दर आठवड्याला ती सैल आहे का ते पाहा. पाय वाढतो, कडी वाढत नाही, आणि रुतलेल्या कडीने पाय कायमचा जातो.

चूक निघाली तर दोष कुणाचा

पहिल्या खेपेला एकही पिल्लू विकू नका असं सांगणं अनेकांना जड जाईल, पण निदान ३० पिल्लं तरी खुणेसह दहा आठवडे ठेवा आणि वहीतल्या नोंदीशी ताडून पाहा. तुरा आणि मान पाहून तोवर नर-मादी स्पष्ट झालेली असते. मग चुका कुठल्या बाजूच्या आहेत ते मोजा. या पद्धतीची सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच की चूक स्वतःच कारण सांगते.

मादी पट्टेदार निघाली, तर तो पट्टा बापाकडूनच आला. आई तिला तो देऊच शकत नाही. म्हणजे एक तर तुमच्या कोंबड्यात पट्टा लपलेला आहे, किंवा आधीच्या पट्टेदार कोंबड्याचं बीज शिल्लक होतं, किंवा बाहेरचा कोंबडा आत आला. एका कोंबड्याच्या साधारण निम्म्या मुली पट्टेदार असतील तर त्याच्यात एक प्रत आहे, सगळ्या असतील तर दोन. दोन कोंबडे एकत्र सोडले असतील तर ते वेगळे करून एकेकाची दहा-वीस पिल्लं काढल्याशिवाय दोषी सापडत नाही.

उलट, नर बिनपट्ट्याचा निघाला, तर चूक आईच्या बाजूची आहे. खरी पट्टेदार मादी प्रत्येक मुलाला पट्टा देतेच, तिच्याकडे दुसरं झेड नसतं. त्यामुळे ते अंडं दुसऱ्या कोंबडीचं होतं एवढाच अर्थ निघतो. अंड्यावरच्या खुणा आणि खुडूक कोंबडीचं डालगं तपासा.

पट्टेदार माद्या आणि बिनपट्ट्याचे नर दोन्ही बऱ्याच संख्येने निघाले, तर जोडी उलटी लागलेली असते आणि कोंबडा आधीच्या संकरातला असतो.

पुढच्या वर्षी काय

संकरातली देखणी जोडी ठेवून तिचीच पिल्लं काढायचा मोह होतो. तिथे ही खूण संपते. संकरित कोंबड्यात पट्ट्याची एकच प्रत असते आणि संकरित तलंगेत एकही नसते. त्यांच्या पिल्लांत निम्मे मुलगे पट्टेदार आणि निम्म्या मुलीही पट्टेदार येतात. ठिपका दिसतो, पण त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून संकरातले नर मांसासाठी आणि तलंगा खाण्याच्या अंड्यांसाठी एवढाच उपयोग ठेवा.

दरवर्षी माद्या विकत घ्यायच्या नसतील तर बार्ड रॉकचा शुद्ध गट वेगळा जपावा लागेल: किमान १५ माद्या आणि तीन कोंबडे, दुसऱ्या जाळीत. या गटात सगळ्याच पिल्लांना ठिपका असतो. नराला पट्ट्याच्या दोन प्रती मिळतात, म्हणून त्याचा ठिपका मोठा आणि विस्कटलेला, अंगाची लव फिकट. मादीला एकच प्रत, म्हणून ठिपका लहान आणि आटोपशीर, पाय गडद. सरावाने बरीच पिल्लं बरोबर ओळखता येतात, पण संकराएवढा भरवसा इथे नाही. मोठेपणीही हाच फरक राहतो: शुद्ध नर मादीपेक्षा स्पष्ट उजळ दिसतो. नर मादीइतकाच गडद असेल तर त्याच्यात दुसरं रक्त आहे, त्याला या गटातून काढा. तीन कोंबडे आळीपाळीने वापरा, आणि दोन-तीन वर्षांनी एक कोंबडा दूरच्या, असंबंधित कळपातून आणून आधी तीन आठवडे वेगळा ठेवा. रोग नसल्याची खात्री झाली की मगच त्याला गटात सोडा.